वाढप्यांची पंगत

पंगतीत बसलेलं माणूस 'नको' म्हणतं ते तीन तऱ्हेचं असतं, हे प्रज्ञाला कुणी शिकवलेलं नव्हतं. पहिलं नको म्हणणारा ताटावर हात आडवा धरतो, पण बोटं फाकलेली असतात. त्या फटीतून जिलबी सहज जाते, आणि ती जावी अशीच त्याची इच्छा असते. दुसरं नको म्हणणारा शेजाऱ्याकडे बघतो. शेजाऱ्याला आधी वाढलं की याचा हात आपोआप बाजूला होतो. तिसरं नको मात्र खरं असतं. ते म्हणणारा तोंडाने काही बोलतच नाही, नुसता वर बघतो, आणि त्याचे डोळे म्हणत असतात की बाई, आता दया कर. हे तिसरं ओळखता आलं नाही तर अन्न वाया जातं. पहिली दोन ओळखता आली नाहीत तर माणूस अर्धपोटी उठतो आणि वर्षभर त्या लग्नाला नावं ठेवत हिंडतो.

प्रज्ञाला तिन्ही ओळखता येत. आठ वर्षांची असताना चौदा एप्रिलच्या जेवणाला तिच्या वडिलांनी, कचरूने, तिच्या हातात मिठाची वाटी दिली होती. वाढपाची सुरुवात मिठापासून होते; लहान पोराच्या हातून फार काही बिघडू शकत नाही म्हणून. भीमनगरच्या त्या लांबलचक पंगतीत ती एका टोकाने शिरली आणि दुसऱ्या टोकाने बाहेर आली, तेव्हा प्रत्येक पानात डाव्या अंगाला मिठाची एकसारखी चिमूट होती आणि जमिनीवर एक कण नव्हता. तिची आजी छबूबाई तेव्हाच म्हणाली होती, "हिचा हात चांगला हाय. ना सांडायचा, ना आखडायचा."

आता प्रज्ञा वीस वर्षांची होती. पुणतांब्याच्या अलीकडच्या एका वाडीत घर, राहात्याला कॉलेज, बीएस्सीचं दुसरं वर्ष नुकतंच संपलेलं. वडील शिर्डीत गवंडीकाम करीत. अभ्यासात ती बरी होती, पण तिच्या रसायनशास्त्राच्या वहीत एक गंमत होती. प्रॅक्टिकल साडेपाचला संपे आणि वाडीकडे जाणारी शेवटची एसटी पाचला सुटे. त्यामुळे नळीतला थेंब थेंब सोडत, चंबू हलवत, आता रंग पालटणार अशी वेळ आली की प्रज्ञा ॲप्रन काढून स्टँडकडे पळत सुटे. आकडे ती दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेई. दोन वर्षांत तिने तो रंग पालटताना एकदाही पाहिला नव्हता. सरांनी तोंडी परीक्षेत विचारलं, गुलाबी कसा, गडद की फिकट? ती म्हणाली, "सर, लिहिलेला फिकट आहे." सर हसले, पण मार्क मात्र गेले.

म्हणून तिला स्कूटी हवी होती. राहात्यातल्या सहादेवमामांच्या गॅरेजात एक जुनी, आकाशी रंगाची स्कूटी उभी होती. वडिलांनी बारा हजार दिले. वरचे आठ तिने आणायचे होते, आणि तेही पंधरा जूनच्या आत. "त्याच्यापुढं माझ्याच्यानं थांबवणार नाही बाळा," सहादेवमामांनी सांगितलं होतं, "कोपरगावचा एक जण रोज येऊन हॉर्न वाजवून जातो."

उन्हाळ्यात आठ हजार मिळवायचे तर वाडीतल्या कॉलेजच्या पोरांना एकच वाट होती. लग्नात वाढायला जायचं, आणि ते म्हणजे आप्पासाहेबाकडे.

आप्पासाहेब पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, कपाळाला कायम रुमाल बांधलेला माणूस. चार आचारी, एक टेम्पो आणि हंगामापुरती चौदा पोरं, असा त्याचा संसार. पोरांना तो जीव लावी. कुणाचं डोकं दुखलं तर स्वतः लिंबू पिळून देई, उपाशी कुणाला ठेवत नसे, मुलींना संध्याकाळी दारात सोडल्याशिवाय टेम्पो हलू देत नसे. फक्त पैशाचा विषय निघाला की त्याला फोन येई. फोन वाजलेला कुणी ऐकलेला नसे, पण तो कानाला लावून लांब लांब जाई. मजुरीचा आकडाही त्याने कधी तोंडाने उच्चारला नाही. पहिल्या दिवशी त्याने प्रज्ञाला दोन बोटं दाखवली, मग तिसरं अर्धं दुमडून दाखवलं. सकाळी सातला टेम्पोत चढायचं, संध्याकाळी पाचला उतरायचं, त्याचे अडीचशे.

"आप्पा, कांद्याच्या चाळीवर निवडायला जाणाऱ्या बाया चारशे घेतात," एकदा प्रज्ञाचा धाकटा भाऊ पंकज म्हणाला. पंकज बारावीला होता आणि मठ्ठ्याचं पातेलं त्याच्याकडे असे.

"अरे, तिथं जिलबी असती का? बँड असतो का?" आप्पासाहेब म्हणाला. "आणि ही काय तुमची नोकरी आहे? सुट्टीतलं काम. खिशाला खर्च झाला, चार माणसांत वावरायला शिकलात..." आणि त्याला फोन आला.

पण काम मजेचं होतं, हे खोटं नव्हे. लालभडक जाकिटं घालून चौदा जण मांडवात शिरले की पंगतीला ऐट येई. टेम्पोत गाणी, भेंड्या, कुणाच्या लग्नात कोण रुसलं त्याच्या नकला. प्रज्ञा वरमाईची चाल अशी हुबेहूब करून दाखवी की आचारीसुद्धा झारा थांबवून बघत. यंदा मुहूर्त मात्र कमी निघाले होते, सगळे मिळून बावीस. दर शनिवारी मोबाईलवर पैसे आले की प्रज्ञा पुन्हा पहिल्यापासून हिशेब मांडी. पंधरा लग्नं झाली होती, सात उरली होती, आणि बोटांवर कसंही मोजलं तरी आठ हजार होत नव्हते.

मेच्या मध्यावर, एका लग्नाहून परतताना, आप्पासाहेबाने केबिनच्या मागच्या खिडकीतून तोंड काढलं.

"पुढचं लग्न तुमच्या वाडीतलं. अंगदरावांच्या मोनिकाचं."

टेम्पोत एकच गलका झाला. मोनिका म्हणजे पहिलीपासून दहावीपर्यंत प्रज्ञाच्या बाकावर बसलेली मैत्रीण. चौदांपैकी पाच जण त्याच वाडीचे होते.

"तर वाडीचे जे पाच जण आहेत," आप्पासाहेब गलका ओसरल्यावर म्हणाला, "त्यांना त्या दिवशी मी धरत नाही. म्हणजे यायचं, वाढायचं. पण गावचं लग्न आहे. गावच्या लग्नात गावची पोरं वाढतात, त्याचे कुणी पैसे घेतं का? हे काही मी काढलेलं नाही, पहिल्यापासूनचं आहे."

आणि त्याला फोन आला.

त्याचं म्हणणं अगदीच उगाच नव्हतं. वाडीत खरोखर तशी रीत होती. ज्याच्या घरी लग्न त्याच्या भावकीतली, गल्लीतली पोरं कंबरेला उपरणं बांधून बादल्या उचलत. त्याचा मोबदला नसे. मोबदला म्हणायचा तर एकच. सगळ्या पंगती उठल्यावर शेवटची पंगत बसे ती वाढप्यांची, आणि त्या पंगतीला घरधनी स्वतः वाढी. फेटा बांधलेला यजमान वाकून आपल्या पानात वाढतो आहे, या एका घासासाठी पोरं दिवसभर राबत.

घरी आल्यावर प्रज्ञाने आजीला गाठलं. छबूबाई ओट्यावर बसून गहू पाखडत होती.

"आजी, गावच्या लग्नात वाढायचे पैसे नसतात का?"

"न्हाई. कंदीच नव्हतं."

"तू वाढलंस कधी?"

छबूबाईने सूप खाली ठेवलं आणि नातीकडे असं पाहिलं की जणू हिने चंद्रावर गेलीस का म्हणून विचारलं. "आमाला कोन वाढू देतंय बाई? आमी त्या लिंबाखाली बसायचो. साऱ्या पंगती उठल्या की मग आमच्याकडं यायचे. वरूनच टाकायचे, भांड्याला भांडं लागू द्यायचे न्हाईत. लई वर्सं झाली त्याला." हे तिने गहू पाखडल्यासारखंच सांगितलं, न थांबता. मग तिचे डोळे बारीक झाले. "आन् आता तू गावची पोरगी झालीस म्हन. चांगलं झालं. निस्ती पैसं द्यायच्या दिवशी झालीस, येवढंच."

पंकज पाणी पीत होता, ते त्याच्या नाकातून आलं.

प्रज्ञाही हसली, पण तिचं मन दोन्हीकडून ओढलं जात होतं. एकीकडे आकाशी स्कूटी, जी आत्ताच हिशेबात बसत नव्हती. दुसरीकडे मोनिका, जिच्या डब्यातलं लोणचं तिने दहा वर्षं खाल्लं. मैत्रिणीच्या लग्नात अडीचशे रुपयांसाठी हात पसरायचा, हे कसं दिसेल?

हळदीच्या दिवशी दुपारी ती मोनिकाच्या घरी मदतीला गेली. अंगदरावांची पेरूची बाग होती. बागेकडेच्या मोकळ्या रानात मांडव उभा राहिला होता. अंगदराव एका कानाला हळद लागलेल्या अवस्थेत सगळीकडे फिरत होते आणि कुणीही काहीही विचारलं की "हो हो, होऊन जाईल" म्हणत होते. प्रज्ञाला बघून ते थांबले.

"प्रज्ञा, उद्या तुझ्यावर भिस्त आहे गं. बुफे नको म्हटलं मी. माणसं बसून जेवली पाहिजेत."

"बसून जेवतील काका."

"आणि तुमचं मी काही कमी करू दिलं नाही बरं का. आमचे बंधू म्हणत होते, वाढप्यांचे माणशी साडेसहाशे म्हणजे जास्त लावले आप्पासाहेबांनी. मी म्हटलं, असू द्या. कॉलेजची पोरं आहेत, त्यातली पाच तर आपल्याच वाडीची. त्यांच्या हातात जाताहेत ना, मग झालं."

प्रज्ञाच्या हातात पानसुपारीचं तबक होतं. ते तिने सावकाश खाली ठेवलं. "पाचांचेसुद्धा लावलेत, काका?"

"चौदाही जणांचे. यादीच दिली आहे त्यांनी. तुझं नाव पहिलं आहे." अंगदरावांना फार बरं वाटत होतं. तेवढ्यात कुणीतरी गॅसच्या टाकीचं विचारलं आणि ते "होऊन जाईल" म्हणत गेले.

तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण कानाला हळद लागलेल्या बापाच्या डोक्यावर आदल्या दिवशी आणखी एक गोष्ट ठेवायची, हे प्रज्ञाला जमलं नाही. ती आत मोनिकाकडे गेली. मोनिका पिवळीधम्मक होऊन पाटावर बसली होती आणि नाकावर खाज सुटली तरी खाजवता येत नव्हतं.

"प्रज्ञे, आधी माझं नाक खाजव. हं. आणि उद्या तू वाढायला जाऊ नकोस, माझ्यामागं उभी राहा."

"मोने, एक विचारू? तुझ्या लग्नात वाढायचे मी पैसे घेतले तर तुला कसं वाटेल?"

मोनिकाने क्षणभर विचार केला. "मंडपवाला वाडीचा. बँडवाला वाडीचा. फोटोवाला तर माझा सख्खा चुलतभाऊ, त्याने ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कॅमेऱ्याचं झाकण काढलं नाही. त्यांना कुणी विचारलं नाही, गावचं लग्न आहे म्हणून. तूच काय घोडं मारलंस?" मग तिला एकदम आठवलं. "नाहीतर तू वाढच. यांच्या मावशी आहेत ना, कायम चॉकलेटी शालूतल्या, त्यांना तूच वाढ. साखरपुड्यात उपाशी उठल्या म्हणून अजून ऐकवतात. सगळे विचारत होते, त्या नको नको म्हणत होत्या, आम्ही आपलं खरं मानलं."

"शेजारी कोण बसलं होतं त्यांच्या?"

"कुणीच नाही. एकट्याच बसल्या होत्या."

"मग चुकलंच तुमचं," प्रज्ञा म्हणाली.

संध्याकाळी तिने पंकजला सगळं सांगितलं आणि दोघा भावंडांनी ओट्यावर बसून बेत ठरवला. छबूबाई ऐकत होती, पण गव्हाकडे बघत होती.

लग्न बारा पस्तीसचं. सकाळी आठला टेम्पो मांडवामागे लागला. नऊ जण लाल जाकिटं घालून उतरले. वाडीचे पाच जण आधीच येऊन थांबले होते, पण कसे, तर प्रज्ञा पोपटी पंजाबी ड्रेसमध्ये, पंकज जयंतीच्या पांढऱ्या सदऱ्यात, बाकीचे तिघेही घरच्याच कपड्यांत.

आप्पासाहेबाने कपाळावरचा रुमाल मागे सरकवला. "जाकिटं कुठायत?"

"धुऊन घड्या घातल्यात, आप्पा. आज आम्ही गावची पोरं ना. गावच्या पोरांना कुठं जाकीट असतं? ती बघा काकांच्या भावकीतली पोरं, तशीच आलीत." प्रज्ञा नेहमीच्याच हसऱ्या सुरात बोलत होती. "काळजी करू नका, वाढणार आम्ही मन लावून. मोनिकाचं लग्न आहे. पैसे पण नकोत."

आप्पासाहेबाचा चेहरा सैल झाला. "शहाणी पोर आहेस."

"एकच राहिलं. आम्ही आज तुमची माणसं नाही म्हटल्यावर काकांच्या यादीतली पाच नावं खोडावी लागतील. ते तिथं तुळशीपाशीच उभे आहेत. मीच सांगून येते, तुम्हाला कशाला त्रास."

आप्पासाहेबाचा हात खिशाकडे गेला. मग दुसऱ्या खिशाकडे गेला.

"फोन चार्जिंगला लावलाय आप्पा तुमचा," पंकज म्हणाला. "मघाशी तुम्हीच दिला ना, बॅटरी उतरली म्हणून. मांडवाच्या त्या टोकाला आहे."

जाकिटवाले नऊ जण बादल्या घेऊन जवळ आले होते. तिथून कुणी हलत नव्हतं. कढईत जिलब्या फुलत होत्या आणि आचाऱ्याचं लक्ष जिलब्यांकडे नव्हतं.

"यादीचं कुणी सांगितलं तुला?"

"ज्यांना पैसे द्यायचेत त्यांनी. ते खूश आहेत हो आप्पा. पोरांच्या हातात साडेसहाशे पडताहेत म्हणून."

आप्पासाहेबाने घाम पुसला. "अगं, त्याच्यात सगळं असतं. डिझेल आलं. जाकिटांची धुलाई आली. तुमचं जेवण आलं."

"जाकिटं आम्हीच धुतो. जेवण काकांचं आहे." प्रज्ञाने जरा थांबून सरळ विचार केला. ती चिडलेली नव्हती. वाढताना असतं तसंच तिचं चाललं होतं, कुणाच्या पानात किती पडायला पाहिजे याचा अंदाज. "टेम्पो मात्र तुमचा आहे. कामं आणण्याची धावपळही तुमची. त्याचे माणशी दीडशे तुम्ही ठेवा."

"म्हणजे पाचशे? तुम्हा पाच जणांना?"

प्रज्ञाने मागे वळून लाल जाकिटांकडे पाहिलं. "चौदा जणांना. आजपासून हंगाम संपेपर्यंत."

मागे कुणाच्या तरी हातातली पळी बादलीत पडली.

"आणि मी नाही म्हटलं तर? ऐन लग्नात बसून राहाल?"

"छे हो. वाढणार तर आम्ही आहोतच. मोनिकाच्या माणसांना कोण उपाशी ठेवेल? फक्त यादी खरी करावी लागेल."

तेवढ्यात अंगदराव फेट्याचा शेव सावरत इकडे यायला निघाले. आप्पासाहेबाने त्यांच्याकडे पाहिलं, प्रज्ञाकडे पाहिलं, आणि त्याला एकाएकी हसू आलं. गोल चेहऱ्याच्या माणसाचं असतं तसं, पोटातून आलेलं. "माझ्या पोराला असं डोकं असतं तर माझे तीन टेम्पो झाले असते आज." त्याने हात वर करून पाच बोटं दाखवली.

"तोंडाने म्हणा आप्पा," पंकज म्हणाला. "बोटं मागच्यांना दिसत नाहीत."

"पाचशे," आप्पासाहेब म्हणाला. "चौदा जणांना, पाचशे. झालं का समाधान? आता जाकिटं आणा घरून, पळा."

पंकजने टेबलाखालून पिशवी ओढली. पाचही जाकिटं इस्त्रीची घडी घालून आत होती.

अंगदराव जवळ येऊन म्हणाले, "काही अडचण?"

"काही नाही काका," प्रज्ञा जाकिटाची बटणं लावत म्हणाली, "आप्पा आम्हाला हुरूप देत होते."

त्या दिवशी जे वाढप झालं त्याच्या गोष्टी वाडीत अजून निघतात. पहिल्या पंगतीला दोनशे पानं बसली आणि मीठ, चटणी, लोणचं, कोशिंबीर अशी ओळीने फिरली की बँडवाल्यांनी वाजवायचं सोडून बघावं. चौदाही जणांच्या पायांना जणू चाकं लागली होती. पंकज मठ्ठ्याचं पातेलं घेऊन "गार, गार, पोटाला गार" म्हणत धावत होता. आप्पासाहेब स्वतः गरम जिलब्यांच्या पराती आणून देत होता आणि जाताजाता प्रज्ञाला म्हणत होता, "पाचशेची चाल आहे ही, दिसतंय."

दुसऱ्या पंगतीत चॉकलेटी शालूतल्या मावशी एकट्याच कडेला बसलेल्या प्रज्ञाला दिसल्या. ती आधी छबूबाईकडे गेली. छबूबाई भीमनगरच्या बायकांबरोबर नुकतीच मांडवात येत होती. तिला धरून आणून प्रज्ञाने बरोबर मावशींच्या शेजारी बसवलं. मग जिलबीची परात घेऊन आली आणि आधी आजीला वाढलं. छबूबाईने दोन घेतल्या, तिसरीही घेतली. मावशींचा हात ताटावरून निघून मांडीवर गेला. त्यांनी पाच खाल्ल्या, वर मठ्ठा दोनदा घेतला, आणि उठताना वरमाईला म्हणाल्या, "व्यवस्था चांगली आहे हो या लोकांची." मोनिकाने स्टेजवरून हे ऐकलं आणि मुंडावळ्यांआडून प्रज्ञाकडे बघून डोळा मारला. तो नेमका चुलतभावाच्या फोटोत आला.

साडेतीनला शेवटची पंगत उठली. लाल जाकिटं भट्टीमागे जमू लागली. ठेकेदाराची माणसं भट्टीपाशीच उभ्याने खातात, ती त्यांची रोजची रीत. तेवढ्यात अंगदराव आले. त्यांनी मांडवात सतरंजी पुन्हा अंथरायला लावली होती.

"चला, बसा. वाढप्यांची पंगत."

"अहो, ही माझी माणसं आहेत," आप्पासाहेब म्हणाला, "ती खातील इकडंच."

"तुमची असतील. पण माझ्या दारात वाढलंय त्यांनी." अंगदरावांनी परात उचलली. "मी जिलबी घेतो. तुम्ही मठ्ठा घ्या."

चौदा जण ओळीने मांडी घालून बसले. वाडीचे पाच, बाहेरचे नऊ, सगळी लाल जाकिटं. आप्पासाहेब मठ्ठ्याचं पातेलं सांभाळत निघाला आणि पहिल्याच पानाला त्याने सांडलं. पंकज म्हणाला, "सवय नाही वाटतं. होईल, होईल, सुट्टीतलं काम आहे." मग इतकं हसणं झालं की आप्पासाहेबाला पातेलं खाली ठेवावं लागलं.

अंगदराव वाकून वाढत वाढत प्रज्ञापाशी आले. दोन जिलब्या तिच्या पानात आधीच होत्या. त्यांनी आणखी दोन उचलल्या, तर तिने ताटावर हात आडवा धरला.

"नको काका."

अंगदराव थबकले. पेरूची पारख असलेला माणूस, पण हे 'नको' कसलं ते त्यांना उमगेना. वाढावं तर पोरगी संकोचाने खायची, न वाढावं तर उपाशी उठायची. ते परात धरून तसेच उभे राहिले.

मांडवाच्या खांबाला टेकून, खुर्चीवर बसून, छबूबाई सुपारी कातरत होती. ती तिथूनच म्हणाली, "वाढ रं अंगदा. बोटं बघ तिची, फाकलेली हायती. खोटं नको हाय ते."

अंगदरावांनी बोटांकडे पाहिलं, आणि त्या फटीतून दोन जिलब्या सोडल्या.

"आजी, तुला कसं गं कळतं हे?" प्रज्ञाने विचारलं. तिला वाटत होतं, हे जगात आपल्या एकटीलाच ठाऊक आहे.

"लिंबाखालनं दुसरं काय बघत हुते मी?" छबूबाई म्हणाली आणि सुपारी तोंडात टाकली.

अंगदराव परात घेऊन तिच्याकडे वळले. छबूबाई मघाशीच पोटभर जेवली होती. ती काही बोलली नाही, नुसतं वर पाहिलं. अंगदराव आता शिकले होते. त्यांनी परात मागे घेतली आणि तिला वाकून नमस्कार केला.

त्यानंतरची सहा लग्नं पाचशेप्रमाणेच झाली. आप्पासाहेबाला पैशाच्या वेळी अजून फोन येतो, पण तो आता कानाला लावून पोरांपासून लांब जात नाही, जागेवरच बोलतो. अंगदरावांच्या मांडवात आलेल्या पाहुण्यांनी पुढच्या हंगामाची चार कामं त्याला तिथेच दिली, "तीच पोरं पाहिजेत" या अटीवर. त्यामुळे पाचशेचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

चौदा जूनला प्रज्ञा पैसे घेऊन गॅरेजात गेली. सगळं मोजून साडेसातशे कमी पडत होते. सहादेवमामांनी स्कूटीभोवती एक फेरी मारली, पाना घेतला आणि डावा आरसा काढून ठेवला.

"हा माझ्याकडं राहू दे. पुढच्या हंगामात घेऊन जा."

पहिली फेरी अर्थातच आजीची. छबूबाई दोन्ही पाय एका बाजूला सोडून, नातीच्या खांद्याला घट्ट धरून मागे बसली, आणि गावातून जाताना डाव्या बाजूला कोण आलं, कोण गेलं, ते ओरडून सांगत राहिली. त्या बाजूचा आरसा नव्हता म्हणून.

जुलैत कॉलेज सुरू झालं. पहिल्याच प्रॅक्टिकलला पाच वाजले, एसटी गेली, आणि प्रज्ञा टेबलापाशीच उभी होती. मैत्रीण सवयीने म्हणाली, "अगं, पळ की." प्रज्ञा नळीकडे बघत होती. एक थेंब पडला, काही नाही. चंबू हलवला. आणखी एक थेंब, तरी काही नाही. तिसरा थेंब पडला आणि चंबूभर रंग पसरला, इतका हलका की पांढऱ्या टाइलवर धरल्याशिवाय दिसू नये. तिने सरांना हाक मारली.

"सर, फिकटच आहे," ती म्हणाली. "बघितला मी."